इर्माताईच्या नावावरचा लावा

टानुंडा, दक्षिण ऑस्ट्रेलिया,
द्राक्षतोडणीचे दिवस, मंगळवार

सौ. इर्माताईस,

धाकट्या हुल्दाचा सप्रेम नमस्कार. (हे 'सौ.' लिहिताना पेन अडखळलं. आयुष्यभर तुझ्या नावाआधी 'कु.' लिहायची हाताला इतकी सवय, की आधी तेच उमटलं आणि मग त्याच्यावर 'सौ.' गिरवावं लागलं. वर जो डाग दिसतोय तो त्याचा आहे. दुसरं काही नाही.)

इकडे सर्व क्षेम. तुझे गुडघे कसे आहेत? होबार्टची थंडी आधी गुडघ्यात शिरते आणि मग माणसाशी ओळख करून घेते, असं एर्विन सांगत होता. (तो होबार्टला कधी गेलेला नाही. पण न पाहिलेल्या गावाबद्दल बोलताना माणसाला कुणी अडवत नाही.) लोकरीचे मोजे घालतेस ना? आणि भावजींचं युफोनियम काय म्हणतंय? गेल्या पत्रात तू लिहिलंस की ते रोज न्याहारीच्या आधी तासभर वाजवतात आणि तुला आता त्याची सवय झाली आहे. सवय झाली म्हणजे आवडायला लागलं की ऐकू येईनासं झालं, एवढं मात्र तू लिहिलं नाहीस. त्यांच्या शिंकांचं काय? तुमच्या लग्नाचे फोटो परवाच पुन्हा काढून बघितले. एकाही फोटोत भावजींचं अख्खं नाक नाही, जिथे तिथे रुमाल. पिसांचं वावडं असलेल्या माणसानं सगळं टासमानिया सोडून नेमकं लावे पाळणाऱ्या बाईच्या प्रेमात पडावं, याला काय म्हणायचं ते म्हण. मी तक्रार करत नाही. बँडच्या स्पर्धेला आलेला एक विधुर वादक आपल्या दारी कुखेन केकची रिकामी ताटली परत करायला येतो काय आणि जाताना एक अख्खी बहीण घेऊन जातो काय, एवढंच मला अधूनमधून नवल वाटतं. ताटली मात्र चांगली घासून आणली होती, हे मान्य केलं पाहिजे.

आता लाव्यांची हकीकत. नाताळच्या कार्डावर मी 'पक्षी ठीक आहेत' एवढंच लिहिलं होतं आणि तू उलट टपाली 'ठीक म्हणजे काय? पिल्लं किती?' असं विचारलंस. त्याचं उत्तर मी आजवर दिलं नाही. आज देते आहे, पण क्रमानं देणार. मध्येच 'हुल्दा, मुद्द्यावर ये' म्हणायला तू इथे नाहीस, त्यामुळे वर्षभर मी हवं तेवढं पाल्हाळ लावते आहे. त्याचा त्रास शेजारच्या एर्विन ओब्स्टला होतो. तो तसाच आहे, अजून बिनलग्नाचा, अजून शनिवारी केगेल खेळायला जाणारा, अजून कुंपणातल्या भगदाडातून न बोलावता येणारा. मी बोलायला लागले की तो टोपी डोळ्यांवर ओढतो. ऐकतो की झोपतो हे ओब्स्ट घराण्यात कुणाचंच कधी कळलेलं नाही.

सुरुवात तुझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून करायला हवी. गावानं आपल्या दारात येऊन रिवाजाप्रमाणे डबे बडवले. रॉकेलचे डबे, नांगराचे फाळ, कुणी तर दुधाचे कॅन आणले होते. (ज्या नवरीसाठी चाळीस वर्षं डबे राखून ठेवले तिच्यासाठी हात जरा सैल सोडणारच लोक.) तुला ठाऊक आहे, लावा घाबरला की उजवीकडे बघत नाही, डावीकडे बघत नाही, बाटलीच्या बुचासारखा सरळ वर उडतो. एका क्षणात सगळं पक्षीघर छताच्या जाळीवर आपटलं. मधल्या फळ्या पडल्या, या खणातले त्या खणात गेले, कितीकांच्या टाळूची कातडी निघाली. आणि बाहेर लोक 'नवरीला बोलवा' म्हणून ओरडत असताना नवरी आत गुडघ्यांवर बसून एकेका लाव्याच्या डोक्याला मलम लावत होती. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तुझ्या हाताला फुलांपेक्षा त्या मलमाचाच वास जास्त येत होता. मी शेजारीच उभी होते म्हणून सांगते.

त्या गोंधळात जे तपकिरी लावे एकमेकांत मिसळले त्यांच्या पायात कडी नव्हती, म्हणून कोण कुणाचं ते तुलाही सांगता येईना. 'यांचं कूळ आता देवाला माहीत,' असं म्हणून तू ते सगळे देऊन टाकायला सांगितलेस. बाकीच्यांचं कूळ मात्र तू जाण्याआधीच्या आठवड्यात मला तोंडपाठ करून घेतलंस, शाळेत राजांच्या नावांची घोकंपट्टी घेतात तशी. चंदेरीची आई कोण, तांबड्या छातीचा बाप कोण, कुणाला कुणाशी जोडायचं, कुणाला चुकूनही जोडायचं नाही. मी मान डोलावत होते खरी, पण माझं सगळं लक्ष तुझ्या ट्रंकेत काय काय जातंय तिकडे होतं. (आईची शेपू-काकडीची बरणी तू नेलीस. ने. विचारलं असतंस तरी दिली असती.) तेव्हा त्या शिकवणीतलं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, की लाव्याचा रंग दिसतो तेवढाच नसतो, वरून साधा तपकिरी दिसणारा पक्षी आत चंदेरी रंग घेऊन फिरत असतो, तांबडी छाती घेऊन फिरत असतो, आणि तसाच दुसरा पक्षी जोडीला मिळाला तरच ते आतलं पिल्लाच्या अंगावर येतं. नाही मिळाला तर जन्मभर तपकिरीच. हे तू मला पिंजऱ्यातली वाळू चाळता चाळता सांगितलं होतंस आणि मी म्हटलं होतं, 'माणसांचंही तसंच असतं की गं.' तू म्हणालीस, 'हुल्दा, वाळू चाळ.'

तर पुढे थंडी आली. थंडीत अंडी नसतात, ते ठीक. पण वसंत आला, बदामाची झाडं फुलून गेली, वेलींना पालवी फुटली, आणि तुझ्या त्या घराणेदार जोड्यांपैकी एकीनंही अंडं घातलं नाही. पावलाची चाहूल लागली तरी सगळे वर उडायचे. मी दारात थांबून गोड बोलून पाहिलं. तुझा निळा एप्रन घालून आत गेले. एकदा तर तुझ्यासारखं घसा खाकरून पाहिलं. लाव्यांनी मला ओळखलं, आणि तीच पंचाईत होती. एर्विन म्हणाला, 'छताखाली कापड ताण, म्हणजे निदान डोकी तरी फुटणार नाहीत.' घरात तेवढं मोठं कापड एकच होतं, तुझ्या खोलीतले लेसचे पडदे. ते मी ताणले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाला, 'हुल्दा, हे लाव्यांचं घर आहे की नवरीची खोली?' मी म्हटलं, 'नवरीला आता खोली लागत नाही.' त्यावर तो टोपी सारखी करून गेला.

त्या तपकिरी लाव्यांतले बहुतेक मी तू सांगितल्याप्रमाणे वाटून टाकले. शेवटी एक जोडी राहिली. त्यातली लावरी मी खोक्यात घालून एर्विनकडे दिली, म्हटलं लावा उद्या नेऊ. पण मादी गेल्यावर त्या लाव्यानं जे सुरू केलं ते तुला सांगते. जाळीला छाती लावून उभा राहायचा आणि हाक मारायचा, तीन सूर, प्रत्येक आधीच्यापेक्षा खालचा. मग थांबायचा. मान वाकडी करून उत्तर येतंय का ऐकायचा. मग पुन्हा तेच तीन सूर. कुंपणापलीकडून ती बारीक आवाजात उत्तर द्यायची, की हा पुन्हा सुरू. मी स्वयंपाकघरात साबुदाण्याची ग्रुत्स ढवळत होते, ती खाली लागली. दुपारपर्यंत मला ते ऐकवेना. (का ते विचारू नकोस, वाऱ्याची दिशा आपल्या खिडकीकडे होती, एवढंच कारण.) मी भगदाडातून पलीकडे गेले आणि लावरी परत मागितली. एर्विन म्हणाला, 'दिलेली वस्तू परत मागतात होय गं?' मी म्हटलं, 'चुकून दिली होती.' त्यानं खोकं आणून दिलं. तोवर तिला त्यानं गाजर किसून घातलं होतं.

त्या दोघांना मी क्विन्सच्या झाडाखालच्या सशांच्या जुन्या खुराड्यात ठेवलं, पक्षीघरातल्या मानी मंडळींपासून दूर. आणि ताई, तू इतकी वर्षं पक्ष्यांपाशी बसत होतीस आणि मी इतकी वर्षं आतून 'जेवण गार होतंय' म्हणून ओरडत होते, ते तू काय बघत बसायचीस ते मला त्या खुराड्यापाशी कळलं. पिठातली अळी टाकली की लावा ती उचलायचा, पण खायचा नाही. चोचीत धरून बारीक आवाज करत तिच्यासमोर उभा राहायचा. ती यायची, अळी घ्यायची, गिळायची आणि 'आभारी आहे' वगैरे काही न म्हणता निघून जायची. तो पुन्हा दुसरी अळी शोधायला लागायचा. सबंध वसंतात त्यानं स्वतः एखादी तरी अळी खाल्ली असेल की नाही, शंकाच आहे. मी एक स्टूल नेऊन ठेवलं. तिथं बसले की वेळ जायचा. वेळ जायला हवाच होता.

आणि ज्यांचं कूळ कुणाला ठाऊक नाही, ज्यांच्याकडे तू वळूनही बघितलं नसतंस, त्या जोडीनं अंडी घातली. नुसती घातली नाहीत, लावरी त्यांच्यावर बसली. (तुझ्याच तोंडून ऐकलं होतं की पिंजऱ्यातली लावरी क्वचितच नीट बसते, अंडं घालते आणि विसरून जाते. ही बसली. लावा शेजारी पहाऱ्याला.) मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. कार्डावर लिहायला घ्यायचे आणि हात थांबायचा. सांगितलं की दृष्ट लागते.

दृष्ट न सांगताच लागली. अंडी फुटायच्या बेतात असताना एका रविवारी पहाटे वादळ झालं. मी उठून गेले तर खुराड्यात पाणी, दोघंही कोपऱ्यात उंच जागी भिजून बसलेली, घरटं मोडलेलं. बहुतेक अंडी गारठून गेली होती. तीन मात्र हाताला कोमट लागली, आणि त्यातल्या एकाला कवचावर बारीक तडा होता. कानाशी धरलं तर आतून टोचल्याचा आवाज. वीज गेलेली, त्यामुळे दिव्याखाली ठेवायची सोय नाही. चूल पेटवून ऊब धरेपर्यंत थांबायला वेळ नाही, कारण त्या दिवशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची पाळी माझी होती आणि बदली वाजवणारी बाई ॲडलेडला मुलीकडे गेली होती. मग मी काय केलं असेल ते तू ओळखलं असशील. तिन्ही अंडी मऊ फ्लॅनेलमध्ये गुंडाळली आणि पोलक्याच्या आत, जिथे आजवर आईनं दिलेल्या क्रूसाशिवाय कुणाला प्रवेश मिळाला नाही, तिथे ठेवली. वरून हिवाळी कोट. एर्विननं मला गाडीतून सोडलं. म्हणाला, 'आज तू अगदी ताठ बसली आहेस.' मी म्हटलं, 'पाठीत लचक आहे.'

पहिली दोन भजनं निभावली. कोपर अंगाला न लावता ऑर्गन वाजवता येतो, हे मला नव्यानं कळलं. मग पाळकसाहेबांनी, म्हणजे आपल्या लिंडनरसाहेबांनी, मूक प्रार्थना सुरू केली. चर्चमध्ये अशी शांतता की मेणबत्तीचं जळणं ऐकू यावं. आणि त्या शांततेत माझ्या छातीत काहीतरी हललं. मग टोचलं. मग ओलसर झालं. आणि मग, ताई, चिवचिवलं. एकदा नाही, चांगलं खणखणीत, पुन्हा पुन्हा. सगळ्यांनी डोळे उघडले. लिंडनरसाहेबांनी मान वर करून ऑर्गनच्या नळ्यांकडे पाहिलं. मी तत्काळ सगळ्यात वरच्या पट्टीतला एक सूर दाबला आणि तो धरून ठेवला. मागच्या बाकावरून एर्विनला इतका मोठा खोकला आला की जणू त्याला क्षयच झाला. (एर्विनला तोवर काहीही सांगितलेलं नव्हतं. तो आपणहून खोकला. ते मला घरी आल्यावर लक्षात आलं.) उरलेलं प्रवचन मी एक हात कोटावर ठेवून ऐकलं. विषय काय होता ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या हाताखाली बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं, ओलं, गरम, आणि ते सारखं वर सरकत होतं, गळ्याकडे, आवाजाकडे. माझ्यापासून निघून न जाता माझ्याच दिशेनं कुणी यावं, याची मला फार दिवसांत सवय राहिली नव्हती.

दुसरं पिल्लू एर्विनच्या गाडीत निघालं. तिसरं निघालं नाही. दुसरं नेहमीसारखं गडद पट्ट्यांचं होतं, पण पहिलं लोण्यासारखं पिवळं. पिवळं पिल्लू म्हणजे पुढे चंदेरी, एवढं मलाही ठाऊक आहे. म्हणजे त्या निनावी तपकिरी जोडीच्या पोटात चंदेरी रंग लपला होता. चर्चच्या समितीनं त्यानंतर ऑर्गनच्या वरच्या नळीतल्या दोषावर तीन बैठका घेतल्या. मी तिन्हींना हजर होते आणि बारकाईनं ऐकत होते.

पिल्लं वाढवण्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुला सगळं ठाऊकच आहे: भुंग्याएवढा जीव, पाण्याच्या बशीत बुडून मरू शकतो म्हणून बशीत खडे, जाळीतून निसटतो म्हणून भोवती डासांची जाळी. पिवळं तरीही एकदा निसटलं. आम्ही दोघांनी (मी आणि एर्विननं, गुडघ्यांवर) अख्खं स्वयंपाकघर हुडकलं. शेवटी ते वाकताना गळून पडलेल्या एर्विनच्या उलट्या टोपीत झोपलेलं सापडलं आणि तो बाहेर उन्हात दुपारभर बोडक्या डोक्यानं बसून राहिला. म्हणे, 'झोपू दे, त्याला उठवू नको.' नाक भाजून घेतलं.

मग पिसं यायला लागली. पाठ चंदेरी आली, जशी यायला हवी. पण छातीवर मला काहीतरी मळल्यासारखं वाटायला लागलं. मी ओल्या बोळ्यानं पुसून पाहिलं, जाईना. रोज थोडं गडद होत गेलं. एके सकाळी एर्विन आला, खुराड्याशी वाकला, आणि त्यानं टोपी काढली. तो टोपी फक्त दफनविधीला काढतो, म्हणून मी घाबरून धावले. तो म्हणाला, 'हुल्दा, हे बघ.' मी बघितलं. चंदेरी अंग आणि त्यावर पिकल्या पानासारखी तांबडी छाती. तू सहा वर्षं जे एका पक्ष्यात आणायला धडपडलीस ते, ताई. या जोडीतून त्या जोडीत, या वर्षीच्या पिल्लांतून पुढच्या वर्षीच्या. ज्याची वाट बघत तू हिवाळ्यात खिडकीशी बसायचीस. ते सशांच्या खुराड्यात आलं, मला काही न येता आलं, आणि तू नव्हतीस. एर्विन म्हणाला, 'इर्माला कळव.' मी म्हटलं, 'कळवते.' आणि चार महिने कळवलं नाही. एखादी गोष्ट ज्याच्यासाठी असते तोच जवळ नसला, की ती कुठे ठेवायची कळत नाही. मी ती कार्डावर मावत नाही असं स्वतःला सांगत राहिले.

गेल्या शनिवारी अँगास्टनला पक्ष्यांचं प्रदर्शन झालं. एर्विननं हट्टानं नेलं. नाव नोंदवताना माझ्या हातानं सवयीनं तुझंच नाव लिहिलं, कारण लाव्यांच्या टेबलावर क्लाइनिगांचं म्हणून जे नाव लागतं ते तुझं, माझं नाव कुखेनच्या टेबलावर. (कुखेनला यंदा काही मिळालं नाही. ती आजकालची मुलं वरचा चुरा ओला करतात आणि परीक्षकांना तेच आवडतं.) ॲडलेडहून आलेले परीक्षक आपल्या पिंजऱ्यापाशी इतका वेळ उभे राहिले की मागची रांग खोळंबली. मग त्यांनी ध्वनिवर्धकातून जाहीर केलं, 'लावे, रंगप्रकार वर्ग, पहिला क्रमांक, मिस इर्मा क्लाइनिग.' कुणी उठेना. मीही तुझी वाट बघत मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू. एर्विननं कोपर मारलं. मग मी उठले आणि तुझ्यासारखी चालत गेले, जरा डावीकडे झुकून. टाळ्या पडल्या. त्या तुझ्या होत्या, मी फक्त घेऊन आले. सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं की मी हुल्दा आहे.

परीक्षकांनी फीत देताना विचारलं, 'बाई, हा रंग जुळवलात तरी कसा?'

मी म्हटलं, 'मी नाही जुळवला. माझ्या धाकट्या बहिणीनं. तिला यातलं काही कळत नाही.'

ते हसले. म्हणाले, 'मग त्यांनाही आणायचं होतं की.'

मी म्हटलं, 'ती घरीच असते. कुणीतरी घरी असावं लागतं.'

परत आलो. फाटकाला हात लावला आणि मी तिथूनच मोठ्यानं हाक मारली, 'ताई, मिळालं गं.' हाक मारून झाल्यावर आठवलं. एर्विन मागेच होता. त्यानं ऐकलं, पण तो खाली वाकून गाडीचं चाक बघत राहिला, जरा जास्तच वेळ. ओब्स्ट लोक तसे चांगले आहेत.

असो. म्हणून काही तू असा समज करून घेऊ नकोस की मी इथे एकटी झुरते आहे वगैरे. मला वेळ कुठे आहे? द्राक्षतोडणी चालू आहे, क्विन्सचा मुरंबा व्हायचा आहे, लाव्यांचं सगळं माझ्यावर. पक्षीघरातल्या तुझ्या मानकऱ्यांनीही हे सगळं बघून ईर्ष्येनं अंडी घालायला सुरुवात केली आहे. चंदेरी लाव्याला एक साधीसुधी तपकिरी लावरी जोडीला दिली आहे; तो तिला अळ्या भरवतो आणि ती निघून जाते. सगळं यथास्थित आहे. तू आनंदात राहा. भावजींना नमस्कार सांग आणि सांग की हुल्दाचा त्यांच्यावर अजिबात राग नाही. होता तो द्राक्षवेलीच्या पानांसारखा झडून गेला.

तुझी धाकटी,
हुल्दा

ता. क. फीत पाकिटात घातली आहे. निळी आहे. आधी खुराड्यावर टांगली होती म्हणून एका टोकाला चोच लागली आहे. पाकीट उघडताना भावजींना दुसऱ्या खोलीत बसव. फीत मी साबणानं धुतली आहे, पण धोका नको.

ता. क. दुसरा. एर्विन काल आपणहून म्हणाला की थंडीभर लाव्यांचं तो बघेल. मी विचारलं, 'का रे, मी कुठे निघाले आहे का?' तो म्हणाला, 'मी कुठे म्हटलं तसं?' आणि त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

ता. क. तिसरा. ऑर्गन दुरुस्तीसाठी खोलला आहे. ईस्टरनंतरही बरेच रविवार मला काम नाही. आणि गेले काही दिवस मी पिसांची उशी सोडून कापसाच्या उशीवर झोपते आहे. सगळे लोकरी कपडे दोनदा धुवून उन्हात घातले. उगीच, घर आवरायला काढलं होतं म्हणून.

ता. क. चौथा, आणि शेवटचा. तुमची गाडी निघाली त्या दिवशी तू काच खाली करून मला म्हणालीस, 'हुल्दा, तूही चल. तिकडे घरात एक खोली रिकामी आहे.' आणि मी म्हटलं, 'मग लाव्यांचं कोण बघेल?' तू मान डोलावलीस आणि काच वर केलीस. ताई, तेव्हा मी पटकन बोलून गेले. तू तोच प्रश्न पुन्हा एकदा विचार. किती दिवसांसाठी ते विचारतानाच ठरव, म्हणजे मला त्याप्रमाणे मोजे घेता येतील. मात्र फोनवर नको, पत्रानं विचार. फोनवर मला 'हो' म्हणायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात भावजी फोन कट झाला समजून ठेवून देतात.